दोनदा वाजलेले दोन

खोक्यावर सोळा डोळे छापले होते.
सोळा कॅमेरे, तीस दिवसांची साठवण, आवाजासकट,
आणि माणूस कुठला, मांजर कुठलं
हेही म्हणे आपलं आपण ओळखणार.
बातुमीच्या दुकानात रेझोनं त्या खोक्यावर असा हात फिरवला
की वाटलं, बैलच विकतोय.
चौदाशे लारी मोजल्या मी.
गोचा म्हणाला, वहिनी, आता निवांत झोप.

सोळापैकी आठच दिसतात.
उरलेल्या आठ चौकोनांत काळोख
आणि खाली एक ओळ: पुढच्या आवृत्तीत उपलब्ध.
तीस दिवस म्हणजे नऊ.
तीसच हवे असतील तर चित्र जरा धूसर ठेवा, रेझो फोनवर म्हणाला.
ठेवलं.
इतकं धूसर की पोतं आणि पोतं उचलणारा
एकाच जातीचे दिसावेत.

आवाजाचं भोक मागच्या बाजूला आहे, लाल कडेचं, देखणं.
मायक्रोफोन लावला. हूं नाही की चूं नाही.
मग चार स्क्रू काढून आत बॅटरी मारली:
भोकामागे तार नाही, काहीच नाही.
कान टोचून ठेवलेत,
कान द्यायचा राहिला.

माणूस मात्र ओळखतो. खोटं कशाला बोलू?
खिळ्याला टांगलेल्या गोचाच्या रेनकोटाभोवती
रात्रभर हिरवी चौकट: मनुष्य. मनुष्य. मनुष्य.
उशाशी माझा फोन एकशे बारा वेळा थरथरला.
त्याच कोटाखालून खुद्द गोचा
बाटली शोधत दोनदा गेला, दोनदा आला.
त्याला चौकट नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे
अकरा पोती गेली.
सोललेली, वाळवलेली, निवडलेली हेझलनट,
निर्यातीची चिठ्ठी शिवलेली.
सोमवारभर मी पडद्यासमोर बसले, घोमी चुलीवर करपली.
एक वाजता पोती जागेवर.
एक एकोणसाठ, जागेवर.
दोन वाजता
रिकामी फरशी.

पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ मध्ये नाही.
चाळीस किलोचं एक, अशी अकरा?
भुताचीही कंबर मोडेल.

रेझो हसला नाही, एवढं सौजन्य त्यानं दाखवलं.
म्हणाला, यंत्रात घड्याळ दुसऱ्या मुलखाचं आहे.
तिथे त्या रात्री वेळ तासभर मागे घेतात.
तीन वाजायला आले की पुन्हा दोन.
दुसरा तास पहिल्या तासावर लिहिला गेला, बाई.
हा बिघाड नाही, ही सोय आहे.

सगळ्या सोयींमध्ये
एवढीच एक खोक्यावर छापलेली नव्हती
आणि एवढीच चालली.

आमच्या झुगदिदीत कोणी घड्याळ मागे घेत नाही.
इथे गेलेला तास गेलेलाच असतो.
मालखाझ पोलंडला ट्रक चालवायला गेला, सहा हिवाळे झाले,
त्यातलं एक मिनिटही कुणी परत आणून दिलेलं नाही.
आणि हा पत्र्याचा डबा
एका रात्रीत दोनदा दोन वाजवतो,
त्यातले एक दोन कुणाच्या तरी खिशात घालून.

काल माहितीपुस्तिका शोधली.
मी ती उघडली नव्हती, खोटं वाचायला चष्मा कोण पुसणार?
फ्यूजच्या फळीमागे सापडली.
पान एक्केचाळीस, तळाशी, मुंगीएवढ्या रशियन अक्षरांत:
हिवाळी वेळ लागू होताना
त्या तासाचं चित्रण राहीलच असं नाही.

पानाचा कोपरा दुमडलेला होता.

मी कोपरे दुमडत नाही.
रेझो यंत्र बसवून गेला तो चहाही न घेता.
गोचा तर औषधाच्या बाटलीवरचंही वाचत नाही,
निदान आम्ही सगळे तसं समजतो.

तो आत्ता अंगणात आहे, लाकडं फोडतोय.
तीन घाव, थोडं थांबणं, पुन्हा तीन घाव.
कोट खिळ्यावर.

फोन थरथरतो.
मनुष्य, म्हणतो.