पांढरी नको

अझेलिया बघायला सव्हानाला आलो,
तर दुपारीच रेडिओवर सांगितलं, रात्री दंव गोठणार.
मार्च संपत आलेला. हार्डवेअरच्या दुकानात
गोणपाटाचा तुकडा उरला नाही.
चौकाचौकांतून माणसं घरी पळाली
आणि कपाटं उपसू लागली.

मिस लुवेनियांच्या माडीवर मी तीन रात्रींचं भाडं भरलेलं.
दार न वाजवता त्या आत आल्या.
"उठा. तुमच्या अंगाखालची चादर हवी."
उठलो. गुलाबांची छपाई,
कडेला इस्त्रीचा जुना चटका.

अंगणात एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी.
झोपलेल्या पोरावर घालावी तशी सोडली,
फुलांवर फुलं.
मग निळ्या बोटींचा पडदा, चौकडीचा टेबलक्लॉथ,
नातवाची डायनासोरवाली रजई,
कपड्यांचे चिमटे, कोपऱ्यांवर विटा.
बहिणीचा मेसेज: दिसली का फुलं?
लिहिलं: दिसली. झाकताना.

फाटकाजवळचं एक झुडूप उरलं,
सगळ्यांत थोराड, गर्द राणी रंगाचं, पुरतं फुललेलं.
कपाटात वरच्या कप्प्यात मी पाहिली होती
घडी न मोडलेली पांढरीशुभ्र चादर.
"आणू?"

त्या विटेवरची माती अंगठ्यानं पुसत राहिल्या.
"पांढरी नको."

रस्त्यापलीकडे ओकच्या राखाडी जटा
वाऱ्याशिवायच हलल्यासारख्या वाटल्या.
"मी सात वर्षांची होते.
वडील या फाटकाशीच उभे होते.
तेव्हापासून आमच्या अंगणात रात्री
पांढरं काही उभं राहत नाही."

अंगातला कोट काढून त्यांनी झुडपाला घातला.
बाह्या आत कोंबल्या,
वरचं बटण लावलं,
कॉलर नीट केली.

मी उघड्या गादीवर पडून होतो.
खाली रात्रभर त्यांच्या खुर्चीचा आवाज,
पुढे, मागे.

सकाळी घोडागाडी थांबली. गाडीवान टोपी सावरत
शहर किती सालचं ते सांगत होता.
पाहुण्यांनी कोट घातलेल्या झुडपाचे फोटो काढले,
एक बाई खूप हसली.

लुवेनिया पायऱ्या उतरल्या,
खालून वर एकेक बटण सोडत गेल्या.
आत सगळं ओलं, जागं, राणी.
चार पाकळ्या बाहीला चिकटून आल्या,
त्या त्यांनी झटकल्या नाहीत.

"चादर दुपारपर्यंत धुवून देते," म्हणाल्या.
"आणि नाश्ता आठला असतो.
सव्वाआठला नसतो."