तिसऱ्या पाळीचा कारकून

नोव्हेंबरातला शनिवार. नंदानगरच्या चर्चमध्ये
सकाळच्या मिस्सेला आम्ही अकरा माणसं
आणि दारातून आत येऊन बसलेलं एक कुत्रं.
वाचन माझ्याकडे.
सिस्टर कालच म्हणाल्या, “पठारे अंकल,
बस नाम ही नाम हैं, जल्दी निपटा देना.”

नावं निपटवायची नसतात, सिस्टर.
एकतीस वर्षं मी गिरणीत मस्टर वाचलं,
तिसरी पाळी, गेटच्या पिवळ्या दिव्याखाली.
एक नाव गिळलं
की एका घरात एका दिवसाचं पीठ कमी.

म्हणून रात्री, दात काढून ठेवण्याआधी,
आरशापुढे दोनदा म्हणून पाहिली:
प्रिस्का, अक्विला, एपैनेतुस.
याला नमस्कार सांगा, तिला सांगा.
गावी निघालेल्याच्या हाती आम्हीही असेच निरोप धाडायचो,
संगमनेरला जातोयस ना, मग मार्थामावशीला सांग,
आणि त्या बोळातल्या, नाव आठवत नाही,
तिलाही.

शेवटाकडे दोघं होते. आजवर मी त्यांच्याकडे
मान वर करून पाहिलं नव्हतं.
तेर्तियुस. क्वार्तुस.
फादर म्हणाले, अर्थ सोपा आहे: तिसरा, चौथा.
गुलामांना तेव्हा अशीही नावं असत.

माझ्याकडे सहाशे चौदा होता. नऊशे दोन होता.
खुंटीवर पितळेचा बिल्ला, बिल्ल्यामागे माणूस.
सहाशे चौदाचं नाव गेंदालाल कुशवाह,
हे मला तो तिरडीवर असताना कळलं.

चौथ्याचं काम लिहिलेलं नाही, गाव नाही,
फक्त एवढंच की तो भाऊ आहे.
आणि तिसरा लेखनिक.
पत्र दुसऱ्याचं, शब्द दुसऱ्याचे, बोटांना शाई याच्या.
सगळ्यांचे निरोप उतरवता उतरवता
मध्येच, विचारून की न विचारता देव जाणे,
त्यानं आपलाही नमस्कार घातला.

तिथं माझा आवाज अडला.
लोकांना वाटलं, ओळ चुकली.
कुत्र्यानं कान टवकारले.
मस्टरमध्ये कारकुनाचं नाव नसतं, हो.

मृतांच्या महिन्यात वेदीपाशी पेटी असते,
आपापली माणसं चिठ्ठीवर लिहून टाकायची.
माझं पाकीट फुगलेलं:
गेंदालाल, अब्दुल सत्तार, शांताराम येवले,
कँटीनची रामरतीबाई,
आणि नऊशे दोन. त्याचं नाव अजून सापडलं नाही,
नंबरच लिहिला.
ख्रिस्ती त्यात दोघंच. फादर पाकिटं उघडत नाहीत.
वेदीवर नुसता हात ठेवतात
आणि आत सगळी पाळी
खांद्याला खांदा लावून उभी राहते.

घरी एस्तेर चिडली.
“जित्याजागत्या माणसाचं नाव
त्या पेटीत टाकतं का कुणी?”

त्यांच्यात नाही टाकलं, म्हटलं.
खाली रेघ मारली,
मग रेघेखाली.
लिहिणारा म्हणून.