राखाडी

नाना पेठेतून गुंडाळी करून आणला वायरिंगचा नकाशा.
कंपनीचा नव्हे; कोइम्बतूरच्या कुणीतरी
नव्याने काढलेला, रंगीत, लॅमिनेट केलेला.
हेराल्डच्या बॉनेटवर तो सपाट राहीना,
कोपऱ्यांवर पाने ठेवले.

तपकिरी बॅटरीची. पांढरी इग्निशनची. काळी अर्थ.
इथवर कागदाचं आणि गाडीचं पटत होतं.
डॅशबोर्ड उघडला, आणि
कागदावर निळी, हातात पिवळी,
वीतभर पुढे तीच पिवळी लाल.
जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
वर दोऱ्याचे सात वेढे.

"दस्तगीरचा हात," शेजारचा रेडिएटरवाला म्हणाला.
"रास्ता पेठेत बसायचा. मिळेल ती वायर लावायचा.
पण त्याचा जोड सुटलेला
आपण तरी नाही पाहिला."

एक तार मात्र कुठल्याच कागदात नव्हती.
राखाडी. कार्पेटखालून,
हँडब्रेकला वळसा घालून मागच्या सीटपाशी गेलेली.
उपटणारच होतो, कटर लावलाही होता.
टोकाला दाराच्या घंटीचं बटण.
दुसरं टोक स्पीडोमीटरशेजारी:
तुरीच्या दाण्याएवढा दिवा.

मागून कुणी बटण दाबायचं,
पुढे दिवा लागायचा.
चालवणाऱ्याला ऐकू येत नसावं.

नवी वायर ओढली. तोच वळसा.
लॅमिनेटवर पेन्सिल उमटेना,
मग मार्करने काढली, जराशी वाकडी,
आणि रंगांच्या यादीत सगळ्यात खाली लिहिलं:
राखाडी – हाक.