पळता भुई थोडी

सम तारखेला घड्याळाच्या दिशेने,
विषम तारखेला उलट,
अशी पाटी आहे जिन्याशी.
सातव्या डेकवर, लाइफबोटींच्या खाली,
निळी पट्टी. नऊ फेऱ्या म्हणजे एक मैल.
पहाटे पाचला आम्ही तीनशे वेडे,
छातीवर नंबर, कपाळावर दिवा,
एकमेकांच्या टाचा बघत.

जहाजाच्या नाकाशी वारा असा
की उचललेलं पाऊल तिथेच परत पडतं.
वळलं की तोच वारा
पाठीला हात लावून ढकलतो,
रांगेत मागे उभ्या असलेल्या घाईच्या माणसासारखा.

तिकिटं सोल्व्हेगने काढली होती, मार्चमध्ये.
डलूथला तेव्हा सरोवरावर बर्फ होता,
आमच्या पापण्यांवरसुद्धा.
"मरण्याआधी एकदा," ती म्हणाली,
"नाक न गोठता पळू."
एकोणीस वर्षं त्या काठाने आम्ही पळालो,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
ती अर्धं पाऊल पुढे. नेहमीच.
माझ्या मुलाचं तुरुंगातलं वर्ष
मी तिच्या डाव्या खांद्याला सांगितलं.
तिचा घटस्फोट मला
वाऱ्यावरून तुकड्यातुकड्यांनी कळला,
काही शब्द अजून मिळालेले नाहीत.

जूनमध्ये तिच्या खुब्याचा सांधा बदलला.
डॉक्टर म्हणाले, चाला, पोहा, हवं तर नाचा.
पळणं विसरा.
तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते,
आणि सोल्व्हेग पोस्टाचं न शिक्का बसलेलं तिकीट
वाफेवर सोडवून परत वापरणारी.
"जेवण तर आहे ना," म्हणाली,
आणि बूट भरले. दोन जोड.
मी बघितलं. बोलले नाही.

चौथ्या दिवशी डोमिनिका.
रोसोच्या धक्क्यापासून वर बागेपर्यंत
पाच किलोमीटर, अर्धे चढाचे.
त्या बागेत एक पिवळी बस आहे,
वादळात पडलेल्या अजस्र झाडाखाली चपटी झालेली.
आत कुणी नव्हतं तेव्हा.
बस कुणी हलवली नाही,
झाडानेही आडवं पडल्या पडल्या
पुन्हा पालवी धरली.

पाण्याच्या टेबलामागे फिलोमेन.
"मी रोज एवढंच चढून घरी जाते," ती म्हणाली.
"मला कुणी पदक दिलं नाही."
आणि हसून दुसरा पेला भरला.
"तुमची मैत्रीण बसलीये तिकडे, बसशेजारी.
म्हटलं, ही गाडी आता कुठे जात नाही हो.
म्हणाली, मीही."

इथे मी थांबायला हवं होतं.
थांबले नाही. हे लिहूनच ठेवते.
पेला टाकला आणि पळाले,
आणि पहिल्यांदाच माझ्यापुढे
कुणाचा खांदा नव्हता.
रस्ता फार रुंद दिसला.
एका वळणावर मी मोठ्याने काहीतरी बोलले,
एक कोंबडी बाजूला झाली.

रात्री केबिनमध्ये तिने पदक उलटसुलट पाहिलं,
दाताने चावलं, म्हणाली, "पत्रा."
मग दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने,
"किती वेळ लागला?"
"एक्केचाळीस मिनिटं."
"माझ्यामागे असतीस तर अडतीस."

सकाळी ती कठड्याशी, कॉफी घेऊन.
मनगट माझ्यासमोर धरलं.
घड्याळ वेडं झालेलं, बिचारं
जहाजाचा वेग तिच्या नावावर मांडत होतं:
एक मैल, दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद.
खाली तो आकडा अभिनंदनासारखा लुकलुकत होता.
"उभ्या उभ्या," ती म्हणाली. "आणि झोपेत
दोनशे मैल. ते वेगळे."

पळता भुई थोडी म्हणतात,
इथे तर तसूभरही नव्हती कुठे,
चारी बाजूंनी नुसतं पाणी,
आणि मधोमध ही बाई,
नवा सांधा, गार होत चाललेली कॉफी,
सगळ्यांच्या पुढे.

विषम तारीख होती. मी उलट्या दिशेने निघाले.
दर फेरीला ती कप जरासा उचलायची,
मी बोट वर करायची.
नवव्या फेरीपर्यंत असं.
दहाव्या वेळी कठड्याशी कुणी नव्हतं.
साडेसहा वाजले होते,
बुफे उघडला होता.