पडद्यामागची बाजू

ताई अक्षरं शिकली ती उलटी.
अंमळनेरला, बोरीच्या कोरड्या पात्रात,
वैशाखातल्या जत्रेत आमच्या आज्याचा,
झिपरूशेठ पाखलेचा तंबू लागायचा.
पडद्यासमोर आठ आणे, पडद्यामागे चार.
मागे बसणाऱ्यांना तोच नायक, तीच मारामारी,
फक्त तलवार डाव्या हातात
आणि नावं आरशात पाहिल्यासारखी.
ताई तिथे बसायची, गोणपाटावर,
मांडीत गल्ल्याचा डबा धरून.

शाळेत तिनं 'क'चं पोट भलत्याच अंगाला काढलं
म्हणून गुरुजींनी छडी ओढली.
आजा हसला. म्हणाला, पोर धंद्यात पडनार.

मग बापूंनी तंबू विकून दीड सिनेमा काढला.
एक धुळ्यात अकरा दिवस चालला,
अर्ध्याचे डबे अजून लॅबच्या उधारीत आहेत.
काका कॅमेऱ्यामागे, काकू शिलाई मशीनवर,
गर्दी हवी असली की आम्ही चुलतभावंडं
सदरे बदलून पुन्हा पुन्हा चालायचो.
बापू गेले तेव्हा घरात सगळं होतं,
नट होते, गाणी होती, मुकुट होते चार.
पैसे कोण आणणार एवढंच ठरलं नव्हतं.

ताई म्हणाली, "तू शिनमा बनाव भाऊ. पैसा मी दखस."

तिनं आधी सीड्या काढल्या, अहिराणी विनोदाच्या,
एस.टी. स्टँडवर तीस रुपयांना, दोन घेतल्या तर पन्नास.
पारोळा, चोपडा, शिरपूर, साक्री,
तिच्या पिशवीत सीड्या, डबा आणि लाल वही.
वही माझ्याकडे आहे आता. वाचतो अधूनमधून:
भरीत, साठ माणसं. कळण्याच्या भाकरी वेगळ्या.
पावसाचा टँकर, दोन (एक गळका).
घोडा, एक दिवस, चाऱ्यासह.
प्रेताचं काम, परशा शिंपी, दीडशे.
श्वास धरला म्हणून पन्नास जादा.

मोठ्या सिनेमाच्या नवव्या दिवशी
मी एका दृश्याचे चौदा टेक घेतले.
नायिकेनं मागे वळून पाहायचं होतं, एवढंच.
वळायची, पण माझ्या मनासारखं नाही.
ताई लांब बाभळीखाली फोनवर बोलत होती.
मी ओरडलो, हळू बोल, आवाज येतोय.
ती अजून लांब गेली.

आज्याचा प्रोजेक्टर त्या फोनवर विकला गेला.
मला कळलं दोन वर्षांनी,
जळगावात, हायवेवरच्या हॉटेलात शेवभाजी मागवली तेव्हा.
काउंटरशेजारी तो उभा, पितळ घासूनपुसून लख्ख,
रिळाच्या जागी प्लास्टिकची फुलं.
खालच्या पट्टीवर खिळ्यानं कोरलेलं झि. पा.
वेटर म्हणाला, जुना आहे साहेब, फोटो काढा.
मी काढला नाही.
चौदातला तिसरा टेक वापरला होता आम्ही.

ताईला मी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर तिनं वही पुढे केली असती.

सिनेमा लागला धुळ्यात, नव्या थिएटरात.
माझं नाव आलं, टाळ्या पडल्या, मामेभाऊ शिट्टी विसरला नाही.
'निर्मिती: हेमलता पाखले' दीड सेकंद.
ती आत नव्हती.
बाहेर मॅनेजरशी टक्क्यांवरून वाद घालत होती,
चप्पल हातात, अंगठा तुटलेला.
मध्यंतरात मी तिला ओढून आणलं,
म्हटलं, एकदा तरी समोरून बघ तुझं नाव,
पुढच्या खेळाला बस.
ती सरळ पडद्याच्या कडेला गेली,
बाजूचं काळं कापड उचललं, वाकून डोकावली,
बराच वेळ तशीच.

परत आली. पदराला धूळ.
"तठे काहीच नही रे," म्हणाली,
"भोंगा शे नि भीत शे.
आते तठे कोनीच बसत नही."

मग पिशवीत वही चाचपली
आणि विचारलं,
पोरांचं जेवण झालं का.