पान एकतीस ते चौतीस

पुस्तक फेरीबोटीत सापडलं, बाकड्याखाली,
सामुद्रधुनी ओलांडून पोर्वेनिरला येताना.
कव्हर नाही. कुणी लिहिलं तेही नाही.
बसायचं कसं ते तिसाव्या पानावर,
एकतीस ते चौतीस कुणीतरी फाडलेली,
आणि मग थेट : ‘आता सावकाश उठावे.’
मधलं मला कुणी सांगितलेलं नाही.

घड्याळ अंडी उकडायचं, तीन मिनिटांचं.
पाच वेळा पिळते,
म्हणजे पाच वेळा डोळे उघडणं आलंच.
आसन म्हणजे ओस्वाल्दोचा कोट, चौघडी करून.
तो जाऊन सहा वर्षं झाली, कोटाला अजून
डिझेलचा वास, मेंढ्यांचा.
समोर बुद्ध नाही. खिडकीत लाल किटली आहे,
तिलाच वाकते.
दहापर्यंत मोजायचे श्वास.
चारच्या पुढे कधी गेले असेन तर आठवत नाही.
विचारणार कुणाला?
विहार आहे म्हणे सान्तियागोत, विमानाच्या अंतरावर.
पाद्री मातेओ भला माणूस, पण घाबरेल.
मुलगी फोनवर म्हणते, आई, नुसतीच बसतेस?
हो गं, नुसतीच.
तेच तर जमत नाहीये.

पायाला मुंग्या येतात.
वारा छपराचा पत्रा धरून हलवतो,
जुनी उधारी मागायला आल्यासारखा.

आणि अठरावं पान. ते मात्र शाबूत.
ठळक, एका ओळीत : जीव घेऊ नये.
मी खेकड्यांच्या कारखान्यात, उकळत्या हौदापाशी.
एका पाळीत सहाशे.
महिनाभर ते पान मी घाईनं उलटलं,
शेजारचं भांडण ऐकू आलं की
आपण खिडकी लावून घेतो तसं.

ऑगस्टमध्ये मुकादम ल्युबेतिचला म्हटलं,
मला शीतगृहात टाका, डब्यांना चिठ्ठ्या लावीन.
तिथं पगार कमी, तो म्हणाला,
आणि हौदावर दुसरं कुणी येईलच.
दोन्ही खरं.
गेले मी. हौदावर आता निल्दा. तिला दोन लहान पोरं.
खेकडे सहाशेच.

याचं काय करायचं, ते त्या चार पानांत असेल?
असेलही. म्हणूनच कुणी नेली असतील.
कुठं बसला असेल तो आत्ता,
माझी पानं मांडीवर घेऊन,
सगळं ठाऊक,
फक्त उठायचं कसं तेवढं सोडून?

घड्याळ वाजतं. चौथं की पाचवं?
उठते.
त्याच्याही वाटचं, सावकाश.