फाळका

टिपर भंगारात गेला त्या दिवशी
फाळका तेवढा मी मागून घेतला.
भंगारवाल्याने तोही काट्यावर चढवला.
सतरा वर्षं लोखंडाची माती वाहिली,
लोखंड विकत घेतलं ते पहिल्यांदाच.

कुडचड्यात माझी शेड. पत्र्याला दोन भोकं.
नवाच्या सुमारास त्यातून ऊन पडतं
तिथे चौकट मांडली, टाके मारले, कर्ण मोजले.
अर्धा इंच चुकला होता.
अर्धा इंच म्हणजे घाटात पोचेपर्यंत
गाडी कुर्लीसारखी तिरकी चालणार.
कापलं. पुन्हा जोडलं.

अ‍ॅक्सल खाणीवरच्या जुन्या जीपचा.
सात पाट्यांतले तीन काढून टाकले,
ओझं बेताचं असेल तर पाटेही बेताचेच लागतात,
नाहीतर गाडी खड्ड्याखड्ड्यात उडते.
हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं,
शेडमध्ये कुत्रंच होतं.

मग प्रेमावतीला म्हटलं, आडवी हो.
ती झोपली सिमेंटवर, डिझेलच्या डागांशेजारी,
मी खडूने तिच्याभोवती रेघ मारली.
"पंचनाम्याला मारतात तशी," ती म्हणाली.
मग मी झोपलो, तिने मारली,
बरीच ऐसपैस.
दोन रेघांमध्ये चार बोटं उरली.
"इथे काय?"
"इथे टॉर्च."
असा पलंग ठरला.

वरची पेटी रुझारची.
तो कुटबणला होड्यांना फायबर लावतो.
दार कुठे काढू म्हणून दोन दिवस अडला,
होडीला दार नसतं मरे, म्हणाला.
प्लायला रेझिन पाजलं, तीन हात,
कडा गोल केल्या, पुढे नाकाड काढलं,
आणि मी चहा आणायला गेलो तेवढ्यात
नाकाडावर दोन डोळे रंगवले,
खाली बोटाएवढा खुरीस.
मी काही पुसलं नाही.

सांग्याच्या उतारावर शेपूट हलायला लागलं.
आरशात आधी डावीकडे थोडं,
मग उजवीकडे जास्त,
मग स्टिअरिंगच हातात थरथरायला लागलं.
थांबलो. काजूच्या बोंडांचा आंबूस वास.
पाण्याचा पिंप मागे, सिलिंडर मागे, स्टेपनी मागे,
पुढे सगळं मोकळं ठेवलं होतं मी.
दोघांनी मिळून पिंप पुढे ओढला.
ओढणाऱ्याच्या मानेवर थोडं वजन हवं, मी सांगत होतो,
फार नको, थोडं.
सगळं मागे टाकलं की मागचंच पुढच्याला
हवं तिथे फेकतं.
प्रेमावती माझ्याकडे बघत राहिली.
मी ट्रेलरबद्दल बोलत होतो.

पुढे डांबर संपलं. चिऱ्याची वाट, मग ओहोळ.
मधोमध पाणी दारापर्यंत चढलं
आणि रुझारची पेटी एक क्षण
चाकं सोडून तरंगली,
डोळे उघडे ठेवून.

मुक्काम बंद खाणीच्या काठावर.
खाली खड्ड्यात हिरवं पाणी.
तिथेच कुठेतरी मी रांगेत उभा असायचो,
ट्रिपमागे पैसे, ट्रिपमागे शिवी,
झोप मिळाली तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून.
फाळका खाली सोडला.
साखळ्या वाजल्या, तोच आवाज,
आणि मी सवयीने दोन पावलं मागे सरलो.
काहीच ओतलं गेलं नाही.
आडव्या फाळक्यावर तिने स्टोव्ह मांडला,
दोन बांगडे, सकाळचे उंडे, अर्धं लिंबू.

रात्री कधीतरी ती खोकली.
वरून धूळ येतेय, म्हणाली, तांबडी.
दाराचं रबर असणार, कोपऱ्यात. उद्या बघतो.
चार बोटांच्या जागेतून तिने टॉर्च काढला,
छतावर फिरवला, दारावर,
मग गादीवर, खडूची रेघ शोधावी तसा,
आणि म्हणाली,
तू माझ्या बाजूला आलायस.